दिवाळीचा फराळ परदेशी पाठवायचाय, यंदा कुणाकडून पाठवू?

आंबेमोहर | १४ सप्टेंबर २०२५, सकाळी ११.२०

पितृपक्षात फराळाचा धागा काढतेय, माफी असावी. पण वसुबारस १७ ऑक्टोबरला आहे. भाजणी, तळण, पॅकिंग आणि प्रवास धरला तर दिवस थोडेच उरतात.

आमच्याकडून दरवर्षी तीन खोके जातात. न्यू जर्सीला मुलगा-सून, लेस्टरला लेक, दुबईला भाचा. आजवर मी डोळे मिटून पोस्टात जात होते. काउंटरवरच्या बाई ओळखीच्या झाल्या होत्या, 'काकू, यंदा चकल्या किती?' असं विचारायच्या. गेल्या आठवड्यात गेले तर म्हणाल्या, अमेरिकेचं काही घेत नाही आम्ही, बंद आहे.

मग लक्ष्मी रोडच्या आसपास दोन एजंटांकडे चौकशी केली. एकाने अमेरिकेला किलोमागे साडेसातशे सांगितले, वर जीएसटी. दुसरा सहाशे म्हणाला, पण 'मॅडम, माल आणा, मग बघू' असा त्याचा सूर. मोठ्या कंपनीच्या काउंटरवर आकडा ऐकून मी पाणी प्यायले.

खोक्यात काय असतं: चकली, पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळी, करंज्या, थोडे अनारसे. यंदा सुनेचा पहिला पाडवा, म्हणून साडी आणि चांदीचं नाणंही घालायचं मनात आहे. शिवाय उटणं.

कुणाकडून पाठवू? कधीपर्यंत पाठवू? ज्यांनी खरोखर पाठवलंय त्यांनीच सांगा, नेटवरच्या जाहिराती मीही वाचल्यात.

ठाणेकर | १४ सप्टेंबर, दुपारी १२.०५

किलोचा भाव विचारून काही कळत नाही, ताई. वजन कुठलं धरतात ते विचारा. कुरियरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक खोक्याच्या आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे.

माझा गेल्या वर्षीचा हिशोब देतो. खोका ४५ × ३५ × ३० चा, कारण घरात तोच होता. गुणाकार ४७,२५०, भागिले ५०००, म्हणजे ९.४५ किलो. काट्यावर भरलं होतं ६ किलो. पैसे साडेनऊ किलोचे. तुमच्या ७५० च्या भावाने धरलं तर ७,१२५ आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४०० च्या वर. तेच सामान ४० × ३० × २५ च्या खोक्यात दाबून बसवलं असतं तर बरोबर ६ किलो आणि ५,३१० रुपये. तीन हजार रुपयांची हवा पाठवली मी अमेरिकेला.

यातला खरा गुन्हेगार चिवडा. जागा खातो आणि वजन देत नाही. लाडू आणि शंकरपाळी हे कुरियरच्या दृष्टीने सज्जन पदार्थ.

सोऱ्या | १४ सप्टेंबर, दुपारी १२.४०

चिवड्याशिवाय फराळ पाठवायचा म्हणजे गणपतीत आरती वगळण्यासारखं आहे. चिवडा जाणारच. पातळ पोह्यांऐवजी जाड पोह्यांचा तळलेला करा, जागा कमी घेतो आणि चुराही होत नाही.

टपालहशील | १४ सप्टेंबर, दुपारी ३.१५

पोस्टात चौतीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. त्या काउंटरवरच्या बाईंचा इलाज नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात शुल्क लागत नसे, ती सवलत २९ ऑगस्टपासून त्यांनी काढली. आता शुल्क कुणी, कुठे आणि कसं गोळा करायचं याची घडी बसली नव्हती, म्हणून विमान कंपन्या टपाल उचलायला तयार होईनात. आपल्या खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक बुकिंग थांबवलं. तेव्हा पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालू ठेवल्या होत्या, महिनाअखेरीस त्याही थांबल्या. पुन्हा सुरू होईल, पण दिवाळीआधी होईल या भरवशावर चकल्या तळू नका.

हे अमेरिकेपुरतं. लेस्टर आणि दुबईचं पोस्ट चालू आहे. ईएमएस स्पीड पोस्टने, म्हणजे पोस्टाच्या परदेशी जलद सेवेने पाठवा, ट्रॅकिंग मिळतं. तिन्ही खोके एकाच ठिकाणाहून गेले पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

जाता जाता: यंदा देशातलं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन होतंय. धाग्याशी संबंध नाही, पण मनाला लागलं म्हणून लिहिलं.

बार्शी लाईट | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

न्यू जर्सीतल्या एडिसनला आता प्रत्येक गल्लीत फराळ मिळतो. एवढा खटाटोप कशाला? तिथल्याच एखाद्या मराठी बाईंकडे ऑर्डर द्या, दारात येईल.

आंबेमोहर | १४ सप्टेंबर, रात्री ८.१०

मिळतो हो. मुलगा तोच आणतो आणि मला फोटो पाठवतो. म्हणून तर पाठवायचाय.

जर्सीवासी | १५ सप्टेंबर, पहाटे ४.५५

मी घेणाऱ्या बाजूचा. गेली अकरा वर्षं आईचा खोका येतो. दोन गोष्टी सांगतो, त्या एजंट सांगत नाहीत.

पहिली: १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला इथे अजूनही शुल्क नाही. अट अशी की एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेली हवी आणि एका माणसाच्या नावे एका दिवशी आलेल्या भेटींची किंमत १०० डॉलरच्या आत हवी. म्हणजे दोन खोके करून एकाच दिवशी पोचवले तर उपयोग नाही. आज १०० डॉलर म्हणजे ८,८०० रुपयांच्या आसपास. घरच्या फराळाची किंमत त्यात आरामात बसते. साडी घातलीत की बसत नाही, आणि सध्या, सप्टेंबर २०२५ मध्ये, भारतातून येणाऱ्या मालावर बहुतेक ५० टक्के शुल्क आहे. साडी कुणाबरोबर तरी हातीच पाठवा, काकू. आणि चांदीचं नाणं कुरियरमध्ये नकोच. नाणी, दागिने, रोकड कंपन्या घेत नाहीत, आणि गुपचूप घातलंत तर हरवल्यावर बोलायलाही तोंड उरत नाही.

दुसरी: अमेरिकेत अन्नपदार्थ पाठवताना एफडीएला, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याला, आगाऊ सूचना द्यावी लागते, त्याला प्रायर नोटिस म्हणतात. पण स्वतःच्या घरी बनवलेलं आणि बनवणाऱ्यानेच भेट म्हणून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेलं असेल, तर ती लागत नाही. दुकानातून आणलेल्या मिठाईला लागते. म्हणून कागदावर नुसतं 'स्वीट्स' किंवा 'फूड आयटम' लिहून सोडू देऊ नका. घरी बनवलेलं, वैयक्तिक भेट, विक्रीसाठी नाही, हे इंग्रजीत स्पष्ट लिहायला लावा. प्रत्येक पदार्थ, वजन, किंमत, सगळं.

ठाणेकर | १५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

यात एक गंमत आहे. अमेरिकेच्या नियमाला घरचं चालतं, पण इथल्या बऱ्याच एजंटांना दुकानाचं सीलबंदच हवं असतं, लेबल आणि घटक छापलेलं. कारण त्यांच्या हबमध्ये खोका उघडला तर स्टीलच्या डब्यातल्या करंज्यांकडे बघून तिथला माणूस गोंधळतो. बुक करण्याआधी थेट विचारा, 'घरचं घेता का?' जो घुटमळेल तो सोडा.

अडाणी इंजिनीअर | १५ सप्टेंबर, सकाळी १०.००

किंमत पाच डॉलर दाखवा, प्रश्नच मिटला.

जर्सीवासी | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

सहा किलो सामानाची किंमत पाच डॉलर दाखवली की पहिला संशय तिथेच येतो. आणि खोका हरवला तर भरपाईही त्या पाच डॉलरच्या हिशोबानेच. खरी किंमत मर्यादेत बसत असताना खोटी कशाला लिहायची?

वाळूतला उंट | १५ सप्टेंबर, रात्री ९.२५

आंबेमोहरताई, दुबईच्या खोक्याबद्दल आधी हे वाचा आणि मगच कढई ठेवा.

अनारशांना खालून काय लावता? खसखस. करंजीच्या सारणात काय भाजून घालता? खसखस. यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. प्रमाण थोडं आहे, स्वयंपाकासाठी आहे, माहीत नव्हतं, यातलं काहीही तिथे ऐकून घेतील असं समजू नका. आणि खोका भाच्याच्या नावावर येणार, म्हणजे उत्तर द्यायला तोच उभा राहणार.

मी इथे सतरा वर्षं आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला निघायच्या आधी फोन करून विचारतो, 'मसाल्याच्या डब्यात खसखस नाही ना?' लोकांना वाटतं मी घाबरट आहे. डिंकाच्या लाडवात असते, कोरम्याच्या तयार मसाल्यात असते, काही जण तर बेसनाच्या लाडवावर शोभेला लावतात. दुकानातून अनारसे आणून पाठवणार असाल तर अजून कठीण, कारण तिथे विचारायलाही कुणी नसतं.

दुबईला अनारसे पाठवूच नका असं नाही म्हणत. बारीक रवा लावून थापा. चव थोडी बदलेल, भाचा समजून घेईल.

काजूगर | १५ सप्टेंबर, रात्री १०.१५

बाप रे. आम्ही मडगावहून दरवर्षी दुबईला नेवऱ्या पाठवतो, त्यात खसखस असतेच. आईला आत्ताच फोन केला. ती म्हणते, देवाने राखलं.

सिंगापूरची सून | १६ सप्टेंबर, सकाळी ७.५०

सिंगापूरलाही तेच. इथेही खसखस अमली पदार्थ विभागाच्या यादीत आहे. सासूबाईंना दरवर्षी आठवण करते आणि दरवर्षी त्या म्हणतात, 'चिमूटभरच तर घातलीय.'

लेस्टरकर | १६ सप्टेंबर, दुपारी २.३०

लेकीच्या खोक्याचं. इथे दुधावर करडी नजर. युरोपबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ पोस्टानेसुद्धा पाठवता येत नाहीत. पेढे, बर्फी, खव्याचं सारण, बासुंदीची पावडर, सगळं बाद. बिस्किटं, केक या जातीचं भाजलेलं चालतं. मी घरून येणाऱ्या खोक्यात चकली, चिवडा, कडबोळी, शंकरपाळी एवढंच मागवतो आणि आजवर विनातक्रार आलंय. बेसनाचे लाडू तुपातले, म्हणून त्यांचा धोका मी घेत नाही, सरळ इथेच वळतो. बेसन भाजायला किती वेळ लागतो, ते इथे आल्यावर कळलं.

किमतीची मर्यादा ३९ पौंड. भेट तेवढ्याच्या आत असेल तर व्हॅट नाही. मागे माझ्या खोक्यावर बहिणीने प्रेमाने ६० पौंड लिहिलं. व्हॅट लागला तो लागलाच, वर कुरियर कंपनीने तो भरण्याचं स्वतःचं शुल्क वेगळं घेतलं, ते व्हॅटपेक्षा जास्त. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळेच घेतात. म्हणून एजंटला विचारा, शुल्क लागलंच तर पाठवणारा भरणार की घेणारा? त्यांच्या भाषेत डीडीपी की डीडीयू. 'काही लागत नाही मॅडम' हे उत्तर नव्हे.

मेलबर्नची माई | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ५.१०

ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्यांसाठी: इथे खोका उघडतातच असं धरून चाला. दुधाची मिठाई नको, बिया नकोत, ताजी पानं-फुलं नकोत. दारावर लावायला आंब्याच्या पानांचं तोरण घालू नका हो, माझ्या नणंदेने घातलं होतं. फराळासकट गेलं.

कृष्णाकाठ | १७ सप्टेंबर, सकाळी ६.४५

तुमची सगळी परदेशाची चर्चा चाललीय, मधेच घुसतो. माझा धाकटा भाऊ फौजेत. त्याचा पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. साताऱ्यात तीन कुरियरवाल्यांकडे फिरलो. एकाने संगणकात पिनकोड शोधला, दुसऱ्याने मला विचारलं, 'हे एपीओ कुठल्या जिल्ह्यात येतं?' तिथं फक्त पोस्टच पोचतं, पुढं आर्मीचं टपाल खातं नेतं. खासगी कुणी नाही. दसऱ्याच्या आधीच टाकतो, कारण वर बर्फ सुरू झाला की पार्सल कधी चढेल याचा नेम नाही.

आई एका माणसाला नाही, बत्तीस जणांना पुरेल असं करते. बुंदीचे लाडू आणि तिखट शेव. बाकी काही तिथं टिकत नाही, म्हणजे उरत नाही.

टपालहशील | १७ सप्टेंबर, सकाळी ८.२०

कृष्णाकाठ, पश्चिम-उत्तरेच्या तुकड्यांना ५६ आणि पूर्वेकडच्या तुकड्यांना ९९ एपीओ. खोक्यावर गावाचं किंवा ठाण्याचं नाव चुकूनही लिहू नका, भावाने फोनवर सांगितलं असलं तरी. भावाला आमचा नमस्कार.

आंबेमोहर | २० सप्टेंबर, सकाळी १०.४०

सगळ्यांचं वाचून वहीत उतरवलं. साडी जानेवारीत तिकडे जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर. नाणं घरीच, सून आल्यावर ओवाळणीत. दुबईच्या अनारशांना रवा. लेस्टरला लाडू नाहीत (लेक रुसली आहे). लेस्टर आणि दुबई पोस्टाने, अमेरिका एजंटकडून.

आता दोन प्रश्न. एजंट कसा पारखायचा? आणि उटणं?

ठाणेकर | २० सप्टेंबर, सकाळी ११.३०

एजंट म्हणजे शेवटी मधला माणूस. तो तुमचा खोका डीएचएल, फेडेक्स, यूपीएस, अरामेक्स यांपैकी कुणाच्या तरी खात्यावर टाकतो, घाऊक भाव मिळतो म्हणून आपल्याला स्वस्त पडतं. यात वाईट काही नाही. फक्त हे बघा:

खोका नेमका कोण नेणार, ते बुकिंगलाच लिहून घ्या. पावतीवर एजंटचा स्वतःचा नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर चालत नाही. मूळ कंपनीचा एडब्ल्यूबी (एअर वेबिल) नंबर दोन दिवसांत मागा. नाही दिला तर समजा, खोका अजून त्याच्या गोडाऊनमध्येच आहे, माल जमा व्हायची वाट बघत. माझा एकदा असा नऊ दिवस पडून होता. मी आपला एजंटच्या साइटवर 'इन ट्रान्झिट' वाचून खूश.

वजन तुमच्यासमोर करा, काट्याचा आणि टेपचा फोटो काढा. आधारची प्रत मागतील, ती द्यावीच लागते, पण तिच्यावर 'फक्त अमुक तारखेच्या पार्सलसाठी' असं आडवं लिहून द्या.

आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा ओलांडू नका. नंतर सगळा महाराष्ट्र रांगेत असतो.

जर्सीवासी | २० सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

उटणं छापील, सीलबंद पाकिटातलंच. घरी दळलेली पिवळट-करडी पूड पुरचुंडीत बांधून पाठवलीत तर तपासणाऱ्याची काय समजूत होईल, विचार करा. अत्तर, सुवासिक तेल, फुलबाज्या नाहीतच.

सोऱ्या | २० सप्टेंबर, रात्री ८.१५

पॅकिंगचं माझ्याकडून. चकल्या एकावर एक रचून गोल डब्यात, मधल्या भोकात टिश्यू पेपरची गुंडाळी घाला, मग हलत नाहीत. बटाटा वेफर्सचे गोल नळकांडी डबे जपून ठेवा, चकली त्याच मापाची पाडा. करंजीला सुकं खोबरं, ओलं अजिबात नको. लाडू एकेक बटर पेपरात, तूप नेहमीपेक्षा थोडं कमी. मोकळ्या फटींत शंकरपाळी भरा, थर्माकोलचं काम करते आणि खाताही येते. खोका पाचपदरी पुठ्ठ्याचाच. तळल्यावर पूर्ण दिवस गार होऊ द्या, कोमट भरलं की वाफ धरते आणि मग तिकडून फोन येतो, 'आई, मऊ पडल्या'.

बार्शी लाईट | २० सप्टेंबर, रात्री ९.००

मी पुन्हा शिव्या खायला आलोय. चकल्या पाठवण्याऐवजी भाजणी आणि सोऱ्या पाठवा की. मोडायची भीती नाही, जागा कमी.

आंबेमोहर | २० सप्टेंबर, रात्री ९.२०

यावर मी शिव्या देणार नाही. विचार करते.

टपालहशील | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

धागा वर आणतोय. आजपासून अमेरिकेचं पोस्ट पुन्हा सुरू झालं. शुल्क आता इथेच, बुकिंगच्या वेळी भरून घेतात, घोषित किमतीवर ऑक्टोबर २०२५ च्या ५० टक्के या दराने, म्हणजे तिकडे घेणाऱ्याच्या दारात मागणी नाही. बुक करताना भेटीच्या १०० डॉलरच्या सवलतीचं विचारून घ्या. लक्ष्मीपूजन २१ ला, म्हणजे यंदाच्या फराळाला उशीरच झाला. तुळशीच्या लग्नापर्यंत चालत असेल त्यांनी जरूर जावं.

आंबेमोहर | २४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

भाऊबीज उरकली, आता लिहिते.

अमेरिकेचा खोका ४ ऑक्टोबरला दिला. घरचं घेणारा एजंट तिसऱ्या दुकानात मिळाला. ४० × ३० × २५ चा खोका, काट्यावर ५.९०० भरला, पैसे सहा किलोचे. एडब्ल्यूबी नंबर दुसऱ्या दिवशी मागितला, तर तो म्हणाला, 'मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?' १३ तारखेला पोचला. शुल्क काही लागलं नाही. चकल्या छप्पन्न घातल्या होत्या, एकोणचाळीस अखंड. सोऱ्या, तुमची टिश्यूची युक्ती खालच्या दोन थरांना लागू पडली नाही.

लेस्टर पोस्टाने अकरा दिवसांत. लेकीने तिकडे स्वतः बेसनाचे लाडू वळले, फोटोत जरा चपटे दिसतायत.

दुबईचा पोचला. भाच्याचा निरोप जसाच्या तसा: 'मावशी, फराळ झकास. ते गोड घारगे कसले होते?' अनारसे होते ते.

बार्शी लाईट, अमेरिकेच्या खोक्यात अर्धा किलो भाजणी घातली होती, सीलबंद पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून. सुनेने कालच चकल्या पाडल्या. पहिला घाणा विरघळला म्हणे. आता ती मोहनाचं प्रमाण विचारतेय आणि मी आजवर कधी मोजलेलं नाही.

कृष्णाकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री ८.५०

आमचंही पोचलं. लाडू दोन दिवस, शेव एक दिवस.

सोऱ्या | २४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मोहन पाव किलो भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेल. विरघळली म्हणजे मोहन जास्त झालं किंवा तेल गार होतं. बाकी पाककृती विभागात या, इथे कुरियरवाले ओरडतील.